चालू लोडवर हात

धुडकूआबा पाटलांनी अट घातली ती पंगतीत, म्हणजे चार माणसांसमोर. एकांतात दिलेला शब्द फिरवता येतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आयुष्यात बरेच फिरवून झाले होते.

"बाहेरना एक जाणकार माणूस आन," ते पोराला म्हणाले. "त्यानी सोताना तोंडवरी सांगाले पाहिजे, की तुन्हं मशीन परदेशी मशीनना तोडनं शे. सांगं, ते मी परत कारखानानं नाव काढनार नही. नही सांगं, ते सोमवारले कामवर हजर."

पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. हेमराजनंही हलवली. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, कारण तोंडात घास होता.

तापीकाठच्या गुजर पाटलांत पोरानं केळी लावली तर बाप बोलत नाही, ऊस लावला तरी बोलत नाही, काहीच लावलं नाही तर मात्र बोलतो. हेमराजनं धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात काही वर्षं नोकरी केली, आणि परत येऊन मळ्यातल्या घरात सीडी प्लेअर बनवायला बसला. आजच्या काळात! गाणं मोबाइलवर फुकट येतं आणि माणसं तेही अर्धं ऐकून पुढं ढकलतात. हा मात्र तीन वर्षं एका चकतीतून आणखी चांगला आवाज कसा निघेल म्हणून डोकं लावतोय. गावानं त्याचा जमाखर्च केव्हाच मांडून टाकला होता. जमेला स्वभाव, खर्चाला बाकी सगळं.

साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातली जागा त्याच्या बायकोनं, मयूरीनं, आपल्या मामांकरवी अडवून ठेवली होती. मामांनी सोमवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. मयूरीचं नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. पण दर महिन्याला पगार होणाऱ्या नवऱ्यावर प्रेम करायला सोपं जातं असं तिचं मत होतं, आणि ते चुकीचं आहे असं म्हणणारी बाई आमच्या गावात शोधून सापडायची नाही.

जाणकार माणूस म्हणून आली ती यामिनी. पुण्यात तिची एक खोली आहे. तिथं श्रीमंत माणसं सोफ्यावर डोळे मिटून गाणी ऐकतात, आणि यामिनी सांगेल ते मशीन घेऊन जातात. नुसती वायर बदलली तरी तिला आवाजावरून कळतं, असा तिच्या कानाचा लौकिक. हेमराजनं तिला दोन वर्षं फोटो पाठवले, मोजमापं पाठवली. तिनं उत्तर दिलं नाही. शेवटी त्यानं लिहिलं, 'तुमचं सगळ्यात चांगलं मशीन घेऊन या. दोन्ही पडद्याआड ठेवू. तुम्ही फक्त ऐका. माझं कमी पडलं तर मी दुकान बंद करतो.' हे मात्र तिला आवडलं असावं. दुसऱ्याचं दुकान बंद होताना पाहायला कोणत्या दुकानदाराला आवडत नाही? सुरतेच्या एका गिऱ्हाइकाकडे तिला जायचंच होतं, थोडी वाट वाकडी केली की शहादा येत होतं.

शनिवारी सकाळी तिची गाडी मळ्यात शिरली. मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेलं परदेशी मशीन होतं आणि त्याला सीटबेल्ट लावलेला होता. यामिनी पुढं बसली होती, बेल्टशिवाय.

मळ्यातलं हे घर हेमराजनं शांततेसाठी निवडलं होतं. गावात राहून आवाजाचं काम होत नाही, रोज कुणाच्या ना कुणाच्या हळदीचा डीजे असतो. मळ्यात एकच अडचण होती. घर शेतीच्या लाइनवर. घरापुरती सिंगल फेज कायम असते, मोटारींची थ्री फेज मात्र पाळीनं येते. या आठवड्यात थ्री फेज दहाला यायची होती, आणि ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, कारण प्रत्येकानं मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो बसवलेला आहे. व्होल्टेज असं पडतं की बल्ब लाल होतो. म्हणून ऐकणं दहाच्या आत उरकायचं ठरलं होतं.

पण आमच्याकडे पाहुणा आल्यावर काही उरकत नसतं. आधी चहा. मग सरलाबाई, म्हणजे हेमराजची आई, कुंकवाचा करंडा घेऊन आली. पोराच्या मशीनला टिळा लावला आणि रजईतनं निघालेल्या मशीनकडे वळली.

"ओ काकू!" यामिनी उठलीच.

"पाहुनानं मशीन कोरं कसं ठेवू, माय?" सरलाबाई म्हणाली. "त्यानी काय पाप करं?"

"बरं, पण वर लावा. आत नको."

टिळा लागला. तिथं पाव तास गेला. मग यामिनीनं हेमराजच्या मशीनचं झाकण उघडायला सांगितलं आणि चष्मा कपाळावर सारून वाकली.

"तीन ट्रान्सफॉर्मर?"

"एक चकती फिरवणाऱ्या मोटरला, एक वाचणाऱ्या भागाला, एक आवाज तयार करणाऱ्या भागाला," हेमराज म्हणाला. "स्वस्त मशीनमध्ये तिघंही एकाच नळावर पाणी पितात. मोटरनं घोट घेतला की आवाजवाल्याचं पाणी हलतं."

"ड्रिपना गत," दारात उभे असलेले धुडकूआबा म्हणाले. "एकच लाइनवर चार व्हॉल उघडा, ते शेवटली ओळले पानी नही पोचत."

"तसंच, आबा."

"हाई ते मालेबी माहीत व्हतं. तुले तीन वरीस कसाले लागनात?"

यामिनी हसली नाही. तिनं आतल्या एका चकचकीत डबीवर बोट ठेवलं. "घड्याळ इथं? आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरला चिकटून?"

"हो." इथं हेमराजला जरा धीर आला. हा त्याचा आवडता प्रांत. "चकतीवरचे आकडे वाचायला साधं मशीनही फारसं चुकत नाही. बारीक ओरखडा असला तर गेलेले आकडे भरूनसुद्धा काढतं. खरी परीक्षा पुढं आहे. सेकंदाला चव्वेचाळीस हजारांवर आकडे, आणि प्रत्येकाचा आवाज व्हायचा तो नेमक्या क्षणी. होळीला ढोलाचा ठोका केसभर मागंपुढं झाला तर नाचणाऱ्याचा पाय अडखळत नाही, पण अंगाला कळतं, काहीतरी बिनसलंय. हा ठोका देणारं घड्याळ लांब ठेवलं की ठोका वाटेतच घसरतो. म्हणून ते अगदी कुशीत ठेवलंय."

"आणि खाली ही फरशी?"

"कडप्पा. चकती फिरते तेव्हा डबा थरथरतो. थरथर दगडात जिरावी म्हणून."

यामिनीनं झाकण स्वतः बंद केलं. चांगलं की वाईट, काही बोलली नाही. केळीचा व्यापारी घड हातात धरून असाच गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात शेतकऱ्याची अर्धी हिंमत जाते.

मांडणी अशी होती. खोलीच्या एका टोकाला जुन्या चादरीचा पडदा. पडद्यामागं दोन टेबलांवर दोन मशीनं, दोन्हींत एकाच गाण्याच्या दोन सीड्या. दोन्ही एकाच वेळी सुरू करायच्या. मधोमध एक खटका. खटका एकीकडे असला की पाहुणीच्या मशीनचा आवाज बाहेरच्या स्पीकरला जाणार, दुसरीकडे केला की हेमराजच्या. दोन्हींची पातळी हेमराजनं मीटर लावून अगदी सारखी केली, कारण जरा मोठं वाजलं की माणसाला तेच गोड वाटतं. हे आमच्याकडे भाषणांच्या बाबतीतही खरं आहे.

प्रश्न आला खटक्यावर कोण बसणार याचा. हेमराज नको, तो घरचा. यामिनीचा ड्रायव्हर नको, तो तिचा.

"मी बठस," धुडकूआबा म्हणाले.

"काका, तुम्ही तर वडील."

"म्हनीसन तं! तो नापास व्हवाले पाहिजे ही मन्ही इच्छा शे. आखा जिल्हामा मन्हासारखा बिनलोभी माणूस तुमले भेटनार नही, ताई."

यामिनीला हे पटलं. खरं तर कुणालाही पटलं असतं. आबांनी टोपी सारखी केली आणि पडद्यामागं खुर्ची ओढून बसले. कोणतं मशीन आधी लावायचं ते त्यांनी मनानं ठरवायचं. यामिनी 'बदला' म्हणाली की खटका फिरवायचा. बस, एवढंच.

सूर सुरू झाला. तानपुरा, त्यावर सारंगी, आणि मग एका बाईचा थोराड, खर्जातला आवाज. मयूरी आणि सरलाबाई दारापाशी उभ्या होत्या. हेमराज यामिनीच्या बाजूला, भिंतीला टेकून.

"बदला," यामिनी म्हणाली.

"हं," पडद्यामागून.

हेमराजनं कान टवकारले. तीन वर्षं तो या मशीनबरोबर राहिला होता. बायकोच्या पावलाचा आवाज ओळखू येत नसेल, पण या मशीनचा ओळखू येईल अशी त्याची खात्री होती. सारंगीत काहीच हललं नाही. तसूभरही नाही.

"बदला."

"हं."

पुन्हा काही नाही. एक तर दोन्ही मशीनं हुबेहूब सारखी होती, म्हणजे तीन वर्षांत त्याला पुण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या डब्याच्या पुढं पाऊलही टाकता आलं नव्हतं. किंवा त्याचे कान गेले होते. यामिनीच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र बरंच काही चाललं होतं. पहिल्या वेळी कपाळाला बारीक आठी होती. 'बदला' म्हटल्यावर ती गेली. तिसऱ्या वेळी परत आली. तिला कळत होतं! जे त्याला ऐकू येत नव्हतं ते तिला येत होतं.

"बदला. शेवटचं."

"हं."

चौथ्यांदा तिनं डोळे मिटले आणि मान किंचित मागं टाकली. गाणं संपलं. तानपुरा विझला. बाहेर केळीत कुणीतरी कोरडी पानं कापत होतं, तेवढाच आवाज.

"पहिलं आणि तिसरं एक मशीन," यामिनी डोळे उघडून म्हणाली. "दुसरं आणि चौथं वेगळं. पहिल्यात सारंगी गाणारीच्या अंगावर येते. चांगलंय, पण दाटी होते. दुसऱ्यात प्रत्येकाला आपापली जागा मिळालीय. गळ्यामागची हवा ऐकू येते." ती हेमराजकडे वळली. "आता सांगते. ते दुसरं जर तुमचं असेल, तर मी सहा घेते. आजच. माझ्या खोलीत, माझ्या शब्दावर."

सरलाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मयूरीनं भिंत.

"काका," यामिनीनं विचारलं, "दुसरं कोणतं होतं?"

पडद्यामागून आबांचा हात बाहेर आला आणि त्यानं हेमराजला आत बोलावलं.

आत आबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. खटका हेमराजच्या मशीनकडे होता.

"मी त्या बटनले हातच नही लावा," ते हळू म्हणाले.

"म्हणजे?"

"गानं चालू व्हतं ना रे! चालू लोडवर कोन हात लावस? मी वाट देखी ऱ्हायनू, बंद व्हई मंग फिरावसू. ती म्हने बदला, मी म्हनू हं. ते बंदच नही व्हयनं."

हेमराजला रागावताही येईना. चाळीस वर्षं आबांनी विहिरीवरच्या मोटारी चालवल्या. मोटर चालू असताना चेंजओव्हरचा दांडा ओढायचा नाही, आधी बंद करायची, थांबू द्यायची, मग फिरवायचा. चालू लोडवर फिरवला तर ठिणगी उडते, वाइंडिंग जळतं, कधी हात जातो. आमच्या शिवारात पोरगं चालायला लागलं की त्याला विहीर आणि ही गोष्ट, या दोन्हींची भीती एकदमच घालतात. आबांना वाटलं, मशीन म्हणजे मशीन.

म्हणजे पहिलं हेमराजचं. दुसरंही हेमराजचं. तिसरं, चौथं, सगळं त्याचंच. आणि पुण्याच्या त्या नामांकित कानानं एकाच मशीनमध्ये दाटी ऐकली होती आणि मोकळी जागाही.

पडद्याची कड सरकली. मयूरी आत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तोंड उघडू नका," ती कुजबुजली. "त्यांनी काय विचारलं? दुसरं कोणतं. दुसरं तुमचंच होतं ना?"

"होतं."

"मग खोटं कुठं आहे?"

"पहिलंही माझंच होतं."

"ते त्यांनी विचारलंय?"

कोर्टात उभी राहिली असती तर मयूरीनं नाव काढलं असतं. हेमराज खटक्याकडे पाहत राहिला. बाहेर सहा मशीनांचा सौदा उभा होता. सोमवारचा कारखाना बसल्या जागी रद्द होणार होता. एक शब्द खोटा बोलायचा नव्हता, फक्त एक खरा शब्द गिळायचा होता. त्यानं बापाकडे पाहिलं. आबा नजर देत नव्हते. त्यांच्या हातून पोराचं भलं झालं होतं की वाटोळं, हे त्यांनाच उमगत नव्हतं.

"काय झालं?" यामिनीचा आवाज आला. "काका काय म्हणाले? एवढ्या हळू बोलल्यावर मला ही भाषा नाही कळत."

बस, इथंच सगळं होतं. तिला भाषा कळलेली नव्हती.

हेमराज बाहेर आला. भिंतीपाशी गेला नाही, तिच्या समोर जाऊन उभा राहिला.

"यामिनीताई, खटका फिरलाच नाही. गाणं चालू होतं म्हणून आबांनी हात लावला नाही. चारही वेळा माझंच मशीन वाजत होतं."

पडद्यामागं मयूरीनं "अहो!" म्हटलं, पण ते उशिरा.

यामिनीचे आधी कान लाल झाले, मग गळा. दारात उभा असलेला तिचा ड्रायव्हर एकाएकी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहू लागला.

"मग हे तुम्ही मला सांगताय कशाला?" ती म्हणाली. आवाज बारीक आणि धारदार होता. "मी सहा घेत होते. माझी लाज काढायचीय का?"

"नाही."

"मग?"

"तीन वर्षं मला हेच जाणून घ्यायचंय, हे चांगलं आहे की नाही. अजून कळलेलं नाही. तुम्ही घेऊन गेला असता तरी कळलं नसतं."

यामिनीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. घड्याळाकडे पाहिलं. दहाला थोडाच वेळ राहिला होता.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "काका, या वेळी मी 'बदला' म्हटलं की तुम्हाला हवं तसं करू. आधी आवाज बंद, मग खटका, मग पुन्हा चालू. चालेल?"

"आते कशी बरोबर बोलनी," आबा पडद्यामागून म्हणाले. "आगोदरच सांगाले पाहिजे व्हतं."

दुसऱ्या वेळचं ऐकणं पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या वेळी एकट्या हेमराजची परीक्षा होती. आता खोलीत दोन माणसं परीक्षेला बसली होती, आणि दुसरी जास्त घाबरलेली होती. यामिनीनं डोळे मिटले नाहीत. जमिनीवरच्या एका डागाकडे पाहत ती ऐकत होती. आवाज बंद. खट्. आवाज चालू. तोच गळा, तीच सारंगी. पुन्हा बंद. या वेळी आबांनी कोणतं मशीन आधी लावलं होतं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. ती ओठ हलवून मनात काहीतरी धरत होती आणि सोडत होती. दोनदा तिनं बोट वर केलं, बोलणार असं वाटलं, आणि बोट खाली घेतलं.

मग थ्री फेज आली. विहिरीवरची मोटर गुरगुरली, तिच्या मागं शेजारची, तिच्या मागं सगळ्या शिवाराची. बल्ब क्षणभर लाल झाला. दोन्ही मशीनं चालत राहिली. गाणारी बाई आपल्या खर्जात तशीच उभी राहिली.

"थांबवा," यामिनी म्हणाली.

आवाज थांबला.

"नाही कळत."

"काय नाही कळत?" हेमराजनं विचारलं.

"फरक. कुठलं तुमचं, कुठलं माझं, मला सांगता येत नाही. अंदाज करता येईल. पण तो अंदाजच." तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. "दोन्ही एकसारखी आहेत. तुमचं मशीन माझ्या मशीनच्या तोडीचं आहे, हेमराज. हे मी कुणासमोरही म्हणेन."

सरलाबाईला रडू आलं. आबा पडद्यातून बाहेर आले.

"मंग ल्या ना सहा!"

"नाही घेऊ शकत, काका."

"का बरं? माल सारखा शे."

"म्हणूनच. माझ्याकडे माणूस येतो तो फरक विकत घ्यायला. मी त्याला आधी हे ऐकवते, मग ते ऐकवते, आणि तो म्हणतो, अहाहा. फरकच नसला तर मी काय ऐकवू?" ती उठली. "आणि मघाशी मला जो फरक ऐकू आला तो कुठून आला, हा हिशोब मला सुरतेपर्यंत करायचाय. वीस वर्षांचा आहे. वाट पुरणार नाही."

तिनं मशीन रजईत गुंडाळलं. वरचा कुंकवाचा टिळा पुसला नाही. सरलाबाईनं पिशवीत केळी घालून दिली, ती घेतली. हेमराजशी हात मिळवला. गाडी केळीतल्या वाटेनं हळू गेली.

हेमराज आत आला आणि चादरीचा पडदा उतरवून घडी घालू लागला. चार कोपरे जुळवले, पुन्हा जुळवले.

"मामांना विचार," तो मयूरीला म्हणाला, "सोमवारी किती वाजता जायचं ते."

मयूरीनं फोन हातात घेतला. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं, त्यामुळे तिला आणखी राग आला. "सांगायचं अडलं होतं का? सहा मशीनं दारात आली होती."

धुडकूआबा उंबऱ्यात उभे होते. मोटर चालू झाली होती, पाणी कुठं फुटलंय का ते बघायला जायला हवं होतं. गेले असते तर काम आपोआप झालं असतं. तीन वर्षं ते हेच मागत होते, पोरानं हा नाद सोडावा आणि पगाराचं काम धरावं. आता पोरगं आपल्या तोंडानं सोमवार म्हणत होतं. आबांना फक्त शेतात निघून जायचं होतं. पायात चपला घालून झाल्या होत्या.

ते दोन पावलं गेले. मग परत आले.

"थांब वं पोरी. फोन ठेव."

"काय झालं?"

"ती बाई काय बोलनी?"

"बोलल्या ना, घेणार नाही म्हणून," हेमराज घडीवरनं मान न उचलता म्हणाला.

"ते नही. त्याना आगोदर."

हेमराजनं मान वर केली.

"तोडनं शे, असं बोलनी ना? मन्ही अट काय व्हती? लेवानी नही व्हती. सांगानी व्हती." हे म्हणताना आबांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्यांच्याच खिशातून त्यांच्याच हातानं पैसे काढून घेतंय.

"मी पंगतमाच व्हते," सरलाबाई म्हणाली. "मन्हासमोर बोलनात."

"तू गप बस. मी सांगी ऱ्हायनू ना."

मयूरी फोन हातात धरून सासऱ्याकडे पाहत राहिली. "आबा, त्यांनी कारखान्यात जावं हे तुम्हालाच हवं होतं ना?"

"व्हतं. आजबी शे."

"मग गप्प राहायचं! कुणी विचारलं होतं तुम्हाला? सगळे विसरले होते!"

"त्याले तरी कोन इचारेल व्हतं?" आबा एकदम ओरडले आणि हेमराजकडे बोट केलं. "बाईले भाषाबी नही समजनी व्हती. सहा मशीन जातीन हाई माहीत असताना सांगी दिनं त्यानी. आते मी गप बसू? बाप मी शे का तो शे?"

हेमराजच्या हातातून चादरीचं एक टोक सुटलं आणि घडी मोडली. तो ती परत घालायला लागला नाही.

"बरं," मयूरी म्हणाली. तिनं फोन टेबलावर आपटला नाही, पण ठेवला असंही म्हणता येणार नाही. "पण मामांना मी सांगणार नाही. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. काय सांगू त्यांना? की मशीन पास झालं, विकलं मात्र एक नाही, आणि आमच्या घरात म्हणून आनंद आहे? ज्याला सांगायचंय त्यानं सांगा."

फोन टेबलावर पडून राहिला. हेमराजनं त्याच्याकडे पाहिलं, सरलाबाईनं पाहिलं. विहिरीवरची मोटर एका सुरात चालली होती.

शेवटी आबांनीच तो उचलला. नंबर मयूरीनं लावून दिला, तेवढी सून म्हणून तिची जबाबदारी होती. आबा फोन कानापासून वीतभर लांब धरून, मधल्या शिवारापलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलू लागले.

"हां, पाहुना, राम राम. हेमराज सोमवारले येनार नही... नही, आजारी नही शे... नही, दुसरी नोकरीबी नही लागनी... पास व्हई गया तो... कसामा? ते सांगाले टाइम लागी. तुम्ही बठेल शेतस का उभा?"